मजूर नेमका कुणाचा?

दसरा सरला की बीड जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. म्हातारी माणसं घर राखायला मागे उरतात. बाकी भांडीकुंडी, लेकरं, शेळ्या ट्रॉलीत भरून टोळ्या ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी सीमेपलीकडे बेळगावकडे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मजुरीचा हिशेब जोडीचा, त्यामुळे बाईचा वाटा वेगळा असा तिच्या हाती क्वचितच पडतो.

हंगामाआधीच टोळी जमवणाऱ्या मुकादमाने उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिलेली असते. ती फिटेपर्यंत उसाचा फड सोडता येत नाही, आणि आजारपणाचा दिवससुद्धा ‘खाडा’ म्हणून कापला जातो. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा गवगवा झाला, सरकारने चौकशी समिती नेमली. पाळीमुळे खाडा नको, ही धास्तीही त्यामागे असल्याचं तेव्हा समोर आलं.

साखर कारखान्याला विचारावं तर उत्तर ठरलेलं: आमचा करार वाहतूकदाराशी. कुठल्या फडात कधी तोड, हे कारखाना ठरवतो. उचलीचा पैसाही बहुतेक तिथूनच निघतो. मजूर मात्र मुकादमाचा! उचल घेऊन मुकादम पळाल्याच्या तक्रारी कारखानदार आणि वाहतूकदार करतात, त्या खोट्या नाहीत. पण त्यावर त्यांनी शोधलेला उपाय तोडणी यंत्राचा आहे, मजुराशी थेट कराराचा नाही.

मजुरांच्या संघटनांनी ‘कोयता बंद’चा इशारा दिला की कारखान्यांचा साखर संघ चर्चेला बसतो. जानेवारी 2024 मध्ये तीन हंगामांसाठी तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. टनाला 273 रुपयांचे 366 झाले. जोडीने दिवसात दोन टन ऊस तोडला तर दोघांचे मिळून 732 रुपये. त्याच बैठकीत मुकादमाचं कमिशनही वाढलं. मजूर आणि मुकादम पुष्कळदा एकाच झेंड्याखाली असतात. मग मुकादमाविरुद्धचं गाऱ्हाणं टेबलावर मांडायचं कुणी?

कायद्याचीही गंमत पाहा. 1979चा स्थलांतरित कामगार कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांपुरताच होता. बेळगावला गेलेला बीडचा मजूर त्यात निदान कागदावर बसे, कोल्हापूरला गेलेला बसतच नसे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याणकारी महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे 10 रुपये आणि सरकारने तेवढेच द्यायचे, असं ठरलं. चांगलंच झालं. तरी पुढच्या करारात दराच्या आधी संघटनांनी एक मागणी लावून धरावी: नवरा आणि बायको, दोघांच्या नावाचं वेगवेगळं हजेरीकार्ड, आणि त्यावर कारखान्याची सही.