वस्तीवरच्या कुत्र्याचे केस का झडतात?



रानडुकरापासून चोरापर्यंत सगळ्यांवर नजर ठेवते ते वस्तीवरचे कुत्रे. पण त्याचे केस जाऊ लागले की आपण "लूत भरली" म्हणून त्याला हाकलतो, नाही तर ट्रॅक्टरचे जळके ऑईल अंगावर ओततो. दोन्ही चूक. कारण ओळखले तरच उपाय लागू पडतो.

दर वेळी रोगच असतो असे नाही. ऋतू बदलताना जुने केस गळून नवे येतात. व्यालेल्या कुत्रीचेही केस काही आठवड्यांनी विरळ होतात. कातडी स्वच्छ असेल, खाज नसेल, तर घाबरू नये. कुत्रीला पोटभर सकस खाणे द्यावे.

खाज असेल तर मात्र नीट पाहावे. कानाच्या कडा, कोपरे व पोट येथून केस जाऊन खपल्या धरल्या आणि कुत्रे रात्रंदिवस खाजवत असले, तर ती लूत. डोळ्यांना न दिसणारे किडे कातडीत बिळे करतात. ही एका कुत्र्यापासून दुसऱ्याला लागते, माणसालाही खाज आणते. पिल्लांच्या डोळ्यांभोवती व तोंडाजवळ चट्टे पडतात तो किडा वेगळा. तो माणसाला लागत नाही. शेपटीच्या बुडापाशी केस गेले तर बहुधा पिसवा. वाटोळे, कोरडे चट्टे म्हणजे नायटा असू शकतो; तो मुलांना चटकन लागतो. खाज नसताना दोन्ही कुशींचे केस सारखेच जातात, कुत्रे सुस्त व जाड होते, तेव्हा गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचा बिघाड असू शकतो.

आता महत्त्वाचे. जळके ऑईल कातडी भाजते, आणि कुत्रे अंग चाटते म्हणून ते पोटातही जाते. उसावर फवारायचे औषध कुत्र्याला लावणे म्हणजे त्याला विष पाजणेच. पूर्वी घरोघरी असलेली बी.एच.सी. पावडर १९९७ साली देशात बंद झाली. कोनाड्यात जुनी पुडी उरली असेल तर ती कुत्र्याला वा जनावराला लावू नये. गुरांचे इंजेक्शनही अंदाजाने टोचू नये. मात्रा चुकली तर कुत्रे दगावते.

पशुवैद्यकीय दवाखान्यात कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, मग औषध ठरते. एका वेळेने भागत नाही. अंड्यातून नवे किडे निघतात, म्हणून डॉक्टर सांगतील तितक्या वेळा उपचार करावा. वस्तीवरची सगळी कुत्री एकदमच दाखवावीत. पिसवांची अंडी व अळ्या धुळीत वाढतात, गोचिडीही गोठ्याच्या भेगांत लपतात. तेव्हा कुत्र्याचे पोते जाळावे वा उकळत्या पाण्यात घालावे, जागा झाडावी.

तोडणीच्या हंगामात कोप्यांमधली लेकरे कुत्र्याला कुशीत घेऊन झोपतात. त्यांच्यासाठी तरी कुत्र्याचा उपचार वेळेवर करावा, आणि दवाखान्यात गेल्यासरशी रेबीजची लसही टोचून आणावी.