कराचीच्या आधी कॉक्स बाजार

४ डिसेंबर म्हणजे नौदल दिन. त्या दिवशी आठवण निघते ती कराचीची, क्षेपणास्त्र नौकांनी रात्री केलेल्या हल्ल्याची. ती निघायलाच हवी. पण १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात त्याच दिवशी सकाळी बंगालच्या उपसागरात ‘आयएनएस विक्रांत’ या विमानवाहू जहाजावरून आठ सी हॉक विमानं उडाली आणि त्यांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारच्या विमानतळावर हल्ला चढवला. ही विमानं नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची, ‘व्हाइट टायगर्स’ची. त्यांची कामगिरी आपल्याकडे फारच कमी सांगितली जाते.

मुळात विक्रांतच धडधाकट नव्हती. चारपैकी एका बॉयलरला तडे गेलेले. त्यामुळे वेग जेमतेम १६ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३० किलोमीटर. विमानवाहू जहाजाचा डेक आखूड. पंखांना पुरेसा वारा मिळावा म्हणून जहाज वाऱ्याकडे तोंड करून वेगात निघतं आणि वाफेवर चालणारा कॅटापुल्ट विमान पुढे फेकतो, गलोलीतून खडा सुटावा तसं. बॉयलर अधू झाला की वेगही घटतो आणि वाफेचीही चिंता लागते. उतरणं त्याहून जिकिरीचं. विमानाच्या शेपटीकडचा हूक डेकवरच्या तारेत अडकला तरच ते थांबणार. जहाज जितकं संथ, तितका त्या तारेला बसणारा हिसका मोठा.

विमानंही जुन्या पिढीतली, एका इंजिनाची, एका वैमानिकाची. ब्रिटिश नौदलाने ती आघाडीवरून केव्हाच काढली होती. स्क्वाड्रन १९६० मध्ये ब्रिटनमध्येच उभी राहिली. १९६५ च्या युद्धात विक्रांत गोदीत होती, त्यामुळे जहाजावरून लढायची संधीच मिळाली नाही. सहा वर्षांनी ती मिळाली, तीही अशा अवस्थेत.

कॉक्स बाजारपाठोपाठ त्याच दिवशी चितगाव. पुढे खुलना, मोंगला, चालना. बंदरं आणि जहाजं निकामी झाली, पाकिस्तानी सैन्याची समुद्रमार्गे सुटकेची वाट बंद झाली. स्क्वाड्रनप्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांना महावीरचक्र मिळालं. विक्रांतवरचं एकही सी हॉक शत्रूला पाडता आलं नाही. अधू जहाज आणि जुनी विमानं घेऊन हे साधणाऱ्या वैमानिकांचं आणि डेकवर राबणाऱ्यांचं मोल मला फार मोठं वाटतं.

१९८३ मध्ये या स्क्वाड्रनमधल्या सी हॉकची जागा सी हॅरियरने घेतली, २०१६ मध्ये मिग-२९के आलं. सोलापूरहून गोव्याला जाणाऱ्यांनी किनाऱ्यांच्या यादीत बोगमाळोजवळच्या नौदल विमान संग्रहालयाचाही एक तास धरावा. तिथे सी हॉक अगदी जवळून पाहता येतं, मुलांना आवर्जून दाखवा.