अपहरणाचा गुन्हा : कलम लागते कधी, टिकते कधी

अपहरणाची शिक्षा ठरते ती नेण्यामागच्या हेतूवरून. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १३७ नुसार १८ वर्षांखालील मुलामुलीला पालकांच्या संमतीशिवाय त्यांच्या ताब्यातून नेले, तर ७ वर्षांपर्यंत कैद आणि दंड होतो. जुन्या कायद्यात मुलग्यांसाठी ही मर्यादा १६ होती. भीक मागायला लावण्यासाठी मूल पळवले तर किमान १० वर्षे सक्तमजुरी. खंडणीसाठी डांबून जिवाची धमकी दिली तर जन्मठेप किंवा फाशी. सज्ञान माणसाच्या बाबतीत मात्र सक्ती वा फसवणुकीबरोबरच खून, खंडणी, डांबून ठेवणे असा हेतूही सिद्ध व्हावा लागतो.

पळवण्याबरोबर आणखी गंभीर गुन्हे घडले, तर शिक्षाही तितकीच कठोर होते. मावळातल्या कोथुर्णे गावात ऑगस्ट २०२२ मध्ये सात वर्षांच्या मुलीचे अपहरण, अत्याचार आणि खून झाला. मार्च २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने आरोपीला फाशी सुनावली.

बचावाचे मार्ग ठरलेले आहेत. अल्पवयीन मुलीची संमती कायदा मानत नाही, म्हणून पहिला वाद वयाचा : शाळेचा दाखला, जन्मनोंद. ‘फूस लावून पळवले’ अशा फिर्यादीत वरदराजन खटल्याचा १९६४ चा निकाल पुढे येतो : समजत्या वयाची मुलगी आपणहून घर सोडून आली आणि आरोपीने तिला चिथावले नसेल, तर त्याने तिला ‘नेले’ असे होत नाही. मुलाच्या ताब्याचा कायदेशीर हक्क आपल्याला आहे असे प्रामाणिकपणे मानणाऱ्यालाही संरक्षण आहे. खंडणीच्या खटल्यात नुसती मागणी पुरत नाही. धमकी सिद्ध करावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये शेख अहमद खटल्यात सांगितले.

खरी कसोटी पुराव्याची. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून एखाद्याला पळवून नेले, तर जिथून नेले, ज्या हद्दीतून नेले आणि जिथे डांबले, त्यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या न्यायालयात खटला चालतो. गाडी कुठून गेली हे दाखवायला याच मार्गावरच्या उर्से टोलनाक्याचे चित्रीकरण आणि फास्टॅगची नोंद असते; ती गाडीची वेळ मिनिटासह सांगतात. पण त्यांची प्रत न्यायालयात द्यायची तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र लागतेच. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बंधनकारक ठरवले; तिथे उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हे चित्रीकरणावरून ठरायचे होते. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार आता प्रमाणपत्रावर उपकरण सांभाळणाऱ्याबरोबर तज्ज्ञाचीही सही लागते.

म्हणून कलम कडक करण्याइतकेच पहिल्या काही दिवसांत चित्रीकरण ताब्यात घेणे महत्त्वाचे. ते पुसले गेले, तर निर्दोष माणसाचा बचावही त्याबरोबर जातो.