काडतुसांची निगा : गंजापासून संरक्षण आणि सुरक्षित साठवण

शाखेच्या प्रवेशद्वाराशी १२ बोअरची बंदूक घेऊन उभा असलेला सुरक्षारक्षक हे आपल्या देशातील एक परिचित दृश्य आहे. त्याच्या पट्ट्यात ओळीने खोवलेली काडतुसेही ग्राहकांच्या नित्य पाहण्यातील असतात. सुदैवाने बहुतेक शाखांमध्ये ती वापरण्याचा प्रसंग येत नाही. मात्र त्यामुळेच तीच काडतुसे वर्षानुवर्षे पट्ट्यात राहतात आणि त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. हिशेबातील चूक ताळेबंदाच्या वेळी उघडकीस येते. काडतुसातील दोष मात्र चाप ओढल्यावरच कळतो आणि त्या क्षणी तो दुरुस्त करण्यास अवधी नसतो. शेती संरक्षणासाठी परवानाधारक बंदूक बाळगणाऱ्या ग्राहकांनाही हे तितकेच लागू आहे.

काडतुसाची रचना

काडतुसाच्या बुडाशी पितळेचे किंवा पितळेचा मुलामा दिलेल्या पोलादाचे टोपण असते. त्याच्या मध्यभागी आघाताने पेटणारी कॅप बसविलेली असते. वरच्या नळीत दारू, वॅड आणि छर्रे असतात. पूर्वी ही नळी कागदी असे व ओलाव्याने फुगत असे. आता ती बहुधा प्लास्टिकची असते. प्लास्टिक गंजत नसले तरी टोपण धातूचेच आहे, आणि कॅपच्या कडेने किंवा नळीच्या मुडपलेल्या तोंडातून ओलावा आत शिरू शकतो. म्हणून प्लास्टिकचे काडतूस निर्धोक आहे, असे समजून निष्काळजी राहणे योग्य नव्हे.

गंजाची तीन कारणे

पहिले कारण दमट हवा. किनारपट्टीवर पावसाळ्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते आणि समुद्राकडील हवेत क्षारही असतात. वातानुकूलित शाखेतून थंड झालेली काडतुसे बाहेरच्या दमट हवेत आणली की त्यांवर दव धरते. काडतुसांचा डबा थंड खोलीतून बाहेर काढल्यावर तो लगेच उघडू नये; बाहेरच्या तापमानाला आल्यानंतरच उघडावा.

दुसरे कारण चामडे. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. चामडे कमावताना वापरलेल्या द्रव्यांतील आम्ले पितळेवर असाच परिणाम करतात. चामडी पट्ट्यात दीर्घकाळ राहिलेल्या काडतुसांच्या टोपणाभोवती हिरवट कळंक धरतो, तो यामुळेच. घामाचा ओलावा ही क्रिया अधिक वाढवितो. यास्तव पट्टा हे काडतुसे बाळगण्याचे साधन आहे, साठविण्याचे नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

तिसरे कारण अमोनिया. याचा इतिहास आपल्याच देशाशी निगडित आहे. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यात लष्कराची काडतुसे घोड्यांच्या पागांमध्ये ठेवली जात. पावसाळा संपल्यावर अनेक काडतुसांच्या पितळी नळ्यांना तडे गेलेले आढळत. घोड्यांच्या मूत्रातून निर्माण होणारा अमोनिया आणि घडणीच्या वेळी पितळेत राहिलेला ताण या दोहोंच्या संयोगाने हे तडे जातात, हे १९२१ साली संशोधनाने स्पष्ट झाले. शेतकरी बंधूंनी म्हणूनच गोठ्याजवळ किंवा खताच्या खोलीत काडतुसे ठेवू नयेत. पितळ चकचकीत करणाऱ्या अनेक पॉलिशांतही अमोनिया असतो. काडतुसांना पॉलिश लावण्याचा मोह टाळावा.

साठवण कशी करावी

काडतुसे कंपनीच्या मूळ खोक्यातच ठेवावीत. बोअर, लांबी व छऱ्यांचा क्रमांक त्यावर छापलेला असतो, त्यामुळे सरमिसळ होत नाही. हे खोके घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. रंग बदलणारी सिलिका जेल वापरल्यास ती ओलावली की रंगावरून कळते. मग ती गरम करून कोरडी करावी किंवा बदलावी. डबा थंड व कोरड्या जागी, जमिनीपासून उंच आणि ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर असावा. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांची खोली त्यासाठी अयोग्य आहे, कारण बॅटरीतील आम्लाचे सूक्ष्म कण धातूस बाधक ठरतात. काडतुसे उष्णतेपासून व ज्वलनशील पदार्थांपासूनही दूर ठेवावीत. बंदूक रिकामी करून एका कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात, हा नियम घरी व शाखेत सारखाच पाळावा.

पट्टा शक्यतो कॅनव्हास किंवा नायलॉनचा असावा. चामडीच असल्यास पाळी संपताच काडतुसे काढून, कोरड्या मऊ फडक्याने पुसून डब्यात ठेवावीत. बंदुकीच्या नळीस तेल आवश्यक असते. काडतुसास मात्र ते घातक आहे. पातळ तेल कॅपमध्ये झिरपल्यास ती निकामी होऊ शकते. तेल लावलेली नळी आतून कोरडी पुसल्यावरच काडतूस भरावे.

तपासणी आणि विल्हेवाट

महिन्यातून एकदा प्रत्येक काडतूस उजेडात पाहावे. पितळेचा केवळ मंदावलेला रंग चिंतेचा नसतो. मात्र हिरवी वा पांढरी भुकटी, धातूवरील खड्डे किंवा तडे, फुगलेली नळी, सैल झालेले तोंड, बाहेर आलेली किंवा दबलेली कॅप, यांपैकी काहीही आढळल्यास ते काडतूस त्वरित वेगळे काढावे. ते घासून पुन्हा वापरात आणू नये. फुगलेले काडतूस नळीत अडकते. गंजलेले पेटत नाही अथवा विलंबाने पेटते. चाप ओढूनही बार न झाल्यास नळी सुरक्षित दिशेस रोखून किमान अर्धा ते एक मिनिट थांबावे व मगच बंदूक उघडावी.

मालसाठ्याच्या हिशेबातील ‘प्रथम आलेले प्रथम बाहेर’ हे तत्त्व येथेही उपयुक्त आहे. खोक्यावर खरेदीची तारीख लिहावी, सरावाच्या गोळीबारात सुस्थितीतील जुनी काडतुसे वापरावीत आणि पट्ट्यात नवी भरावीत. तपासणीची नोंद वहीत करून तीवर रक्षक व जबाबदार अधिकारी या दोघांनी स्वाक्षरी करावी.

निकामी काडतुसे कचऱ्यात, विहिरीत किंवा आगीत टाकणे धोक्याचे आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ व शस्त्र नियम, २०१६ यांच्या चौकटीत प्रत्येक काडतुसाचा हिशेब परवानाधारकास द्यावा लागतो. त्यामुळे अशी काडतुसे परवानाधारक विक्रेता किंवा पोलीस ठाणे यांच्यामार्फतच जमा करावीत व त्याची पोच जपून ठेवावी.

तिजोरीची किल्ली ज्या दक्षतेने सांभाळली जाते, त्याच दक्षतेने काडतुसेही सांभाळली पाहिजेत. कोरडा डबा, स्वच्छ फडके आणि महिन्यातील काही मिनिटे एवढ्यावर हे काम भागते. त्यावर रक्षकाचा, सहकाऱ्यांचा आणि शाखेत आलेल्या ग्राहकांचा जीव अवलंबून असू शकतो.