हिवाळ्यांतील रिव्हिएरा

फ्रान्सच्या आग्नेय टोंकास इटलीच्या सरहद्दीपर्यंत भूमध्य समुद्राचा जो चिंचोळा किनारा पसरला आहे, त्यास इंग्रज लोक रिव्हिएरा म्हणतात. १८८७ सालीं स्तेफां लिएजार या फ्रेंच लेखकानें त्यावर ग्रंथ लिहून त्यास ‘कोत दाझ्यूर’, म्हणजे नीलतट, असें नांव दिलें व तेंच पुढें रूढ झालें. आज या किनाऱ्याचें नांव काढतांच जुलै-ऑगस्टांतील कडक ऊन, समुद्राकांठीं पहुडलेले स्त्रीपुरुष आणि पाय ठेवावयास जागा नाहीं अशी गर्दी डोळ्यांपुढें उभी राहते. अशा ठिकाणीं घरचीं वडील माणसें घेऊन कशास जावें, अशी शंका येणें साहजिक आहे. तिचें उत्तर असें कीं, अवश्य जावें. पण हिवाळ्यांत जावें. हें म्हणजे उरल्यासुरल्यावर समाधान मानणें नव्हे; कारण हीं शहरें मुळांत हिवाळ्याकरितांच वाढलेलीं आहेत.

ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते. उत्तर युरोपांतील धुकें व थंडी यांस कंटाळलेले धनिक लोक, विशेषतः इंग्रज, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नीस येथें हिवाळा काढावयास येऊं लागले. मागें आल्प्सची भिंत उत्तरेचा वारा अडविते व पुढें समुद्र थंडीची धार बोथट करतो. १८२२ च्या सुमारास गरिबांच्या हातांस काम नव्हतें, तेव्हां लुइस वे या इंग्रज धर्मोपदेशकाच्या पुढाकारानें वर्गणी जमवून समुद्राकांठीं एक पायवाट बांधविण्यांत आली. तीच आजची ‘इंग्रजांची फिरण्याची वाट’, प्रोमनाद देझ आंग्ले. १८६० सालीं नीस फ्रान्सकडे आलें, १८६४ सालीं आगगाडी आली, आणि पाठोपाठ राजेरजवाडे आले. १८९५ पासून १८९९ पर्यंत व्हिक्टोरिया राणीचा मुक्काम दरसाल हिवाळा सरतां सरतां सिमिए टेकडीवर असे; तिचा हिंदी मुनशी अब्दुल करीम हाही बरोबर असे. ती ज्या रेझिना हॉटेलांत उतरे, त्याचीं पुढें बिऱ्हाडें झालीं, आणि त्यांतच चित्रकार मातीस याचें वास्तव्य होतें.

त्या काळीं उन्हाळा हाच आडहंगाम होता. ऊन तापूं लागलें कीं पाहुणे निघून जात व हॉटेलें दारें लावून घेत. १९२३ सालीं मर्फी नांवाच्या अमेरिकन दांपत्यानें आंतीबच्या टोंकावरील एका हॉटेलवाल्यास उन्हाळ्यांत थोडें हॉटेल उघडें ठेवावयास राजी केलें. १९३६ सालीं फ्रेंच कामगारांस पगारी रजेचा कायदेशीर हक्क मिळाला. आणि पाहतां पाहतां हंगाम उलटा झाला. समुद्र तोच, सूर्य तोच. बदलली ती माणसांची आवड. २०२१ सालीं युनेस्कोनें नीसला जागतिक वारशाच्या यादींत घेतलें, तें हिवाळी विश्रामनगर म्हणूनच.

या वैभवाची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. नीसहून किनाऱ्याकिनाऱ्यानें जाणारी आगगाडी पाऊण तासाच्या आंत मांतों गांवीं पोंचते. हेन्री बेनेट नांवाचा आजारी इंग्रज डॉक्टर १८५९ सालीं येथें आला, त्यास आराम पडला, आणि त्याच्या लिखाणानें या गांवाची कीर्ति झाली. मग क्षयाचे रोगी दूरदूरच्या देशांतून येऊं लागले. औषध नव्हतें, होती ती सूर्यप्रकाशाची आशा. गांवावरच्या जुन्या किल्ल्याच्या जागीं त्यांचें कबरस्तान आहे. तेथील दगडांवरील वयें वाचतांना मन चरकतें. ऑब्री बीअर्डस्ली हा इंग्रज चित्रकार १८९८ सालीं याच गांवीं वारला, तेव्हां तो अवघा पंचवीस वर्षांचा होता. खालीं निळाशार समुद्र, झाडांवर पिकलेलीं लिंबें, आणि मध्यें हे दगड! ज्या उन्हांत आपण सहज सुखानें बसतों, त्याकरितां येथें कितीकांनीं अखेरचा प्रवास केला, याची जाणीव उन्हाळ्याच्या गजबजाटांत होणें कठीण.

जानेवारींत नीस येथें दुपारीं सुमारें १३ अंश उष्णता असते, रात्रीं ती ५-६ अंशांवर येते. ऊन कोंवळें व स्वच्छ असतें. समुद्रस्नान विसरावें, पण किनाऱ्यावरच्या निळ्या खुर्च्यांवर गांवचे वृद्ध लोक वर्तमानपत्र घेऊन बसलेले असतात, त्यांच्या शेजारीं बसावें. याच दिवसांत मिमोझाचा पिवळा बहर येतो. मूळच्या ऑस्ट्रेलियांतील या झाडाचें आपल्या बाभळीशीं नातें आहे, हें त्याचीं गोंडेदार फुलें पाहतांच पटतें. कूर सालेयाच्या बाजारांत फुलें व भाजीपाला मिळतो. सोमवारीं मात्र तेथें जुन्या वस्तू मांडतात.

शाकाहारी मनुष्याची येथें उपासमार होत नाहीं. हरभऱ्याचें पीठ, पाणी, मीठ व ऑलिव्हचें तेल एवढ्यावर होणारा ‘सोक्का’ हा थेट आपल्या बेसनाच्या धिरड्याचा भाऊबंद. फरक इतकाच कीं, तो मोठ्या परातींत घालून भट्टींत भाजतात. तथापि ‘पिसालादियेर’ या कांद्याच्या पदार्थाविषयीं सावध असावें. वरून तो निरुपद्रवी दिसला, तरी त्यांत मासळी असते.

आतां अडचणी. ऑक्टोबर-नोव्हेंबरांत पाऊस फार, म्हणून ते महिने टाळावे. लहान गांवांतील पुष्कळ खाणावळी व हॉटेलें या दिवसांत वार्षिक सुटी घेतात, तेव्हां आधीं चौकशी करून मुक्काम नीससारख्या मोठ्या शहरांत ठेवावा. डिसेंबरांत सूर्य पांचच्या सुमारास मावळतो. दूरचें पाहणें सकाळीं उरकावें. फेब्रुवारींत नीसचा कार्निव्हल व मांतोंचा लिंबूमहोत्सव भरतो, तेव्हां गर्दी व दर दोन्ही चढतात. ज्यांस शांतता हवी, त्यांनीं जानेवारी साधावा. किनारा गोट्यांचा असल्यामुळें वृद्धांनीं वरच्या सपाट वाटेवरूनच फिरावें.

प्रवासास निघतांना आपण बहुधा ‘हंगाम केव्हां’ एवढेंच विचारतों. हा हंगाम कोणीं ठरविला व कशाकरितां, हेंही विचारावें. गर्दी ओसरल्यावर कित्येक खिडक्या बंद दिसतात, हें खरें. पण शाळा सुटते, भाजीवाली घासाघीस करते, म्हातारा आपली नेहमींची खुर्ची गांठतो. पाहुण्यांकरितां सजलेलें शहर तेव्हां आपल्या माणसांचें होतें. त्यांत चार दिवस मुकाट्यानें वावरावयास मिळणें, हाच हिवाळ्यांतील प्रवासाचा खरा लाभ होय.