समुद्रावर मुक्काम

समुद्र पाहिलेला नाही असा माणूस कोकणात मिळायचा नाही. घाटावर मात्र गावोगाव मिळेल. सारा जन्म रानात राबण्यात गेला. पंढरपूर झाले, जोतिबा झाला, तुळजापूर झाले. पण समुद्र काही बघायला मिळाला नाही. आता मुलगा म्हणतो, "आई, औंदा तुला समुद्र दाखवतो. दोन रात्री तिथंच राहू." आईला बरे वाटते. पण मनात धाकधूकही असते. राहायचे कुठे? पैसा किती लागेल? एवढ्या पाण्याचा भरवसा काय?

या प्रश्नांची उत्तरे घरातून निघण्याआधी शोधायची असतात. आम्ही ती तिथे गेल्यावर शोधली. पैसे गेले आणि त्रासही झाला. तुमचे तसे होऊ नये म्हणून हे लिहीत आहोत.

उदाहरणाला आपण गणपतीपुळे घेऊ. हे गाव रत्नागिरी जिल्ह्यात आहे. रत्नागिरी शहरापासून ते सुमारे २५ किलोमीटरवर आहे. कोल्हापूरकडची माणसे आंबा घाट उतरून येतात आणि पुढे निवळीवरून वळतात. देऊळ अगदी समुद्राला लागून आहे. देवाचे तोंड पश्चिमेला, म्हणजे दर्याकडे आहे. देवळामागची टेकडी हेच देवाचे रूप, असे मानतात. त्यामुळे प्रदक्षिणा घालायची ती साऱ्या टेकडीला. ती सुमारे एक किलोमीटरची होते. देवाचे दर्शन आणि समुद्र, दोन्ही एका ठिकाणी. म्हणून घाटावरची पुष्कळ माणसे पहिला समुद्र इथेच बघतात.

कधी जावे?

पावसाळ्यात मुक्कामाला जाऊ नये. तेव्हा दर्या खवळलेला असतो. जून-जुलैत यंत्राच्या होड्यांना मासेमारीची बंदी असते. श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ वाहतात आणि मग होड्या पाण्यात लोटतात. ज्यांचा जन्म पाण्यावर गेला ती माणसे जेव्हा थांबतात, तेव्हा आपण कशाला उतरावे? मे महिन्यात ऊन आणि घाम फार. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. हवा बरी असते, आणि पुष्कळांच्या रानातली घाईही थोडी कमी झालेली असते. ऊसवाल्यांचे मात्र तेव्हाच तोडीचे दिवस. त्यांनी आपला मेळ आपण घालावा.

दिवाळीची सुटी आणि नाताळ ते ३१ डिसेंबर हा आठवडा टाळावा. अंगारकीला दर्शनाचे पुण्य जास्त, असे म्हणतात. त्यावर आम्ही काय बोलणार? पण खोलीच्या दृष्टीने तो फार वाईट दिवस. गर्दी मोठी, भाडे चढे, आणि दर्शनाची रांग लांबच लांब. साधा मंगळवार किंवा बुधवार धरला तर खोलीही मिळते आणि देवही निवांत भेटतो.

राहायचे कुठे?

आपल्याकडे हॉटेल म्हटले की चहा आणि भजी डोळ्यांपुढे येतात. तिकडे हॉटेल म्हणजे राहायची जागा. रिसॉर्ट हा त्यातलाच मोठा प्रकार. एका आवारात खोल्या, जेवणघर, बाग, मुलांना खेळायला जागा, कुठे कुठे पोहण्याचा तलावही. १९७५ साली राज्य सरकारने महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ काढले. त्या महामंडळाचे एक रिसॉर्ट गणपतीपुळ्याला किनाऱ्यावरच आहे. त्याशिवाय खासगी हॉटेले पुष्कळ. देवस्थानचे भक्तनिवास आहे. आणि गावातली माणसे आपल्या घराच्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देतात, तेही आहे. म्हातारी माणसे बरोबर असतील तर आम्हाला ही घरगुती जागा जास्त आवडते. पेज मागितली तर पेज मिळते.

फोन करून खोली ठरवताना लाजू नये. विचारून घ्यावे. खोली समुद्रापासून चालत किती मिनिटांवर आहे? "समुद्राजवळ" एवढ्या उत्तरावर थांबू नका, कारण जवळ म्हणजे कुणाचे दोन मिनिटे, कुणाचे अर्धा तास. खोली तळमजल्यावर आहे का? संडास आणि न्हाणी खोलीतच आहे का? संडास खाली बसायचा की खुर्चीसारखा? गुडघे दुखणाऱ्या माणसाला हा प्रश्न फार मोठा असतो. भाड्यात सकाळची न्याहारी धरली आहे का? कर धरला आहे का? आणि एका खोलीत माणसे किती चालतील?

हा शेवटचा प्रश्न पुष्कळजण विसरतात. हिशेब करून बघू. समजा, खोलीचे भाडे एका रात्रीला २,००० रुपये आहे. भाडे दोन माणसांचे असते. आपण पाचजण आहोत. जादा माणसाला गादी टाकून देतात. तिचे समजा रात्रीला ४०० रुपये. दोन रात्रींचे खोलीभाडे ४,००० रुपये. तीन जादा गाद्यांचे दोन रात्रींचे २,४०० रुपये. एकूण ६,४०० रुपये. घरून निघताना आपल्या डोक्यात ४,००० असतात, आणि हातात कागद येतो ६,४०० चा. मग तिथे वाद होतो. वाद करून उपयोग नसतो, कारण आपण विचारलेच नव्हते. हेच आकडे धरले तर दोन खोल्या आणि पाचव्या माणसाची गादी मिळून ८,८०० पडतील. २,४०० रुपयांचा फरक. घरात सुना-लेकी असतील तर कधी कधी तो फरक देणेच बरे.

आगाऊ पैसे मोबाइलवरून पाठवायचे असतील तर एक सावधगिरी हवी. खोट्या नावाने, दुसऱ्याच्या हॉटेलचे फोटो दाखवून पैसे उकळणारे लोक आहेत. म्हणून आधी ओळखीच्या कुणाकडून जागेची खात्री करावी. सगळे पैसे आधी देऊ नयेत. थोडे द्यावेत आणि तारीख, नाव, रक्कम लिहून मागावी. पैसे परत करतो म्हणून कुणी तुमचा पिन टाकायला सांगितले, तर तो चोर समजावा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो. तरीही फसलात, तर लागलीच १९३० या नंबरवर फोन करावा.

निघताना प्रत्येक मोठ्या माणसाचे आधार कार्ड बरोबर घ्यावे. खोली देताना ते बघतात. एस.टी.तही वयाचा दाखला लागतो. राज्यात ७५ वर्षांवरच्या माणसांना एस.टी.चा प्रवास २०२२ साली मोफत झाला, आणि २०२३ साली बायकांना अर्धे तिकीट झाले. आजीला घेऊन जायला याहून बरी सोय कोणती?

खोलीचा दिवस

आपला दिवस सूर्य उगवला की सुरू होतो. खोलीचा दिवस तसा नसतो. बहुतेक ठिकाणी खोली दुपारी १२ च्या सुमाराला मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १० किंवा ११ ला सोडावी लागते. प्रत्येक ठिकाणची वेळ वेगळी. ती विचारून कागदावर लिहून घ्यावी.

आम्ही हे विचारले नव्हते. १२ तारखेच्या रात्री गावाहून निघालो आणि १३ च्या पहाटे ४ ला पोहोचलो. खोली १३ तारखेची होती. मॅनेजर म्हणाला, "काका, खोली बाराला मिळंल. आत माणसं झोपल्यात." तो खोटे बोलत नव्हता. आता हवी असेल तर दुसरी खोली होती, पण तिचे एका दिवसाचे भाडे वेगळे. आमच्याबरोबर ७० वर्षांची आई. थंडीचे दिवस. ती आठ तास बाकावर बसून राहिली. तोंडाने काही बोलली नाही. पण समुद्र बघायला आलेली बाई पहिला अर्धा दिवस गाठोड्याला टेकून पेंगत होती, हे काही आम्ही विसरलो नाही.

तेव्हा गावाहून पहाटे निघा आणि दुपारी पोहोचा. रात्रीचाच प्रवास असेल तर आदल्या तारखेची खोली घ्या, किंवा सामान ठेवून तोंड धुवायला जागा मिळेल का ते आधी विचारा. पुष्कळ ठिकाणी देतात. पण आधी विचारले तर.

जेवणाचेही तसेच. ताटाचा भाव विचारून बसावे. सुरमई-पापलेटच्या ताटाला बांगड्याच्या ताटापेक्षा जास्त पडतात. आणि खरे सांगायचे तर ताजा बांगडा काही कमी लागत नाही.

पाण्याची वेळ

आता मोठी गोष्ट. गणपतीपुळ्याच्या समुद्रात पुष्कळ माणसे बुडाली आहेत. त्यांत घाटावरून आलेले तरणेताठे लोक पुष्कळ. किनारा तिथे उतरता आहे. चार पावलांत पाणी गुडघ्यावरून छातीला येते. लाट मागे जाताना पायाखालची वाळूही घेऊन जाते. उभा माणूस बसतो, आणि बसलेल्याला पुढची लाट उचलते.

समुद्राचे पाणी दिवसाकाठी दोनदा चढते आणि दोनदा उतरते. चढते ती भरती, उतरते ती ओहोटी. हे मुख्यतः चंद्राच्या ओढीने होते. म्हणून किनाऱ्यावरची माणसे पाण्याची वेळ तिथीवरून काढतात. तिथीला पाऊणने गुणायचे, की भरती पुरी होण्याची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला आणि तशीच रात्री भरती. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा. पौर्णिमेनंतर आणि अमावास्येनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. हा ढोबळ हिशेब आहे. तास-दीड तास इकडेतिकडे होते. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पुरी होते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी फार चढते आणि फार उतरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला पाण्याचा जोर कमी. ती भांग. नेमकी वेळ किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारावी. तो हसणार नाही.

पण नुसती भरती-ओहोटी कळून भागत नाही. माणूस बुडतो तो बहुधा दुसऱ्याच कारणाने. ते शेतकऱ्याला लवकर समजेल. वाफा पाण्याने भरला आणि बांधाला एक खांड पडले, की सारे पाणी तिकडेच धावते. समुद्रातही तसेच. लाटा पाणी सारखे काठावर आणून टाकतात. ते परत तर जायला पाहिजे. ते वाळूतला खोलगट भाग शोधते आणि तिथून जोराने आत जाते. त्या पट्ट्यात पाणी खोल, म्हणून तिथे लाटा कमी फुटतात. दोन्ही बाजूंना फेस, आणि मध्ये पाणी गुळगुळीत, शांत. नवा माणूस म्हणतो, "इथं लाटा न्हाईत, इथंच उतरू." आणि तो नेमका त्या ओढीत जातो.

विहिरीत पोहणाऱ्याने तर जास्त जपावे. विहिरीचे पाणी माणसाला कुठे नेत नाही. समुद्राचे नेते. ओढीत सापडलेला माणूस काठाकडे तोंड करून जिवाच्या आकांताने हात मारतो. तो दमतो आणि बुडतो. तसे करू नये. पाण्यावर उताणे पडावे, हात वर करून हाका माराव्यात. ओढीचा पट्टा बहुधा अरुंद असतो. काठाला धरून, म्हणजे डावीकडे किंवा उजवीकडे आडवे पोहावे. ओढ सुटली की लाटांबरोबर तिरके काठाला यावे. काठावरच्याने भावाला वाचवायला एकदम उडी घालू नये. असे एकापाठोपाठ दोघे-तिघे गेलेले आहेत. दोर टाकावा, झाकण लावलेला रिकामा कॅन टाकावा, जीवरक्षकाला बोलवावे, ११२ ला फोन करावा.

आम्ही घरच्यांना घातलेला नेम असा. पाणी गुडघ्याच्या वर येऊ द्यायचे नाही. पोरांचा हात सोडायचा नाही. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. ओले लुगडे फार जड होते, म्हणून बायकांनी काठालाच बसायचे. दारू प्यालेल्याने तर वाळूच्या पुढे पाऊल टाकायचे नाही. अंधार पडला की सगळ्यांनी वर यायचे. किनाऱ्यावर धोक्याची पाटी असते. ती तुम्हाला आता वाचता येते. वाचून घ्या आणि बरोबरच्यांनाही मोठ्याने वाचून दाखवा.

एवढे पाळले तर भिण्याचे कारण नाही. सकाळच्या उन्हात ओल्या वाळूवर बसावे. पावलांवर पाणी येते आणि जाते. आमच्या आईने ओंजळभर पाणी तोंडाला लावले आणि थुंकून टाकले. "एवढं पाणी, आन् प्यायला थेंब न्हाई!" असे म्हणून ती कितीतरी वेळ हसत होती. प्यायचे पाणी मात्र खरेच बरोबर न्यावे. ऊन आणि खारा वारा लागून तहान फार लागते.

निघायच्या दिवशी सकाळीच पैसे चुकते करावेत आणि पावती घ्यावी. खोली सोडली तरी सामान ऑफिसात ठेवू देतात का ते विचारावे. मग अर्धा दिवस हाताशी राहतो. शेजारीच मालगुंड आहे. कवी केशवसुतांचा जन्म तिथला. त्यांचे घर बघायला मिळते. परतीच्या एस.टी.ची वेळ मात्र आदल्या दिवशीच विचारून ठेवावी. आणि मिठाच्या पाण्यात भिजलेले कपडे गाठोड्यात तसेच कोंबू नयेत. गोड्या पाण्यातून काढून, पिळून बांधावेत.