आमच्यामागं याचं कसं होणार?

मुलगा तिशी-चाळिशीचा, आई-वडील सत्तरीचे. अपंग मुलाच्या घरात पैशाची तरतूद होते, देवधर्म होतो, पण मुलाला स्वतःचं आयुष्य स्वतः चालवायला शिकवायचं राहून जातं. ते शिकवता येतं का? आणि त्याला आधार कुठून मिळतो?

सकाळचे साडेआठ वाजलेत. सत्तरी गाठलेली आई टूथब्रशवर पेस्ट लावून देते. अंघोळीचं पाणी काढते. शर्ट-पँट काढून पलंगावर ठेवते. चहा बशीत ओतते, फुंकर घालते आणि मग बशी पुढं करते. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय, तो तिचा मुलगा छत्तीस वर्षांचा आहे. आज कुठला शर्ट घालायचा, असं त्याला कुणी विचारलं तर तो आईच्या तोंडाकडे बघतो.

हे दृश्य कुठल्या एका घरातलं नाही. बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी किंवा ऑटिझम असलेलं मूल ज्या घरांत मोठं झालं, अशा कितीतरी घरांतली सकाळ थोड्याफार फरकानं अशीच उजाडते. मुलाला तळहातावरच्या फोडासारखं जपलेलं असतं. त्या मायेत खोट काढायला जागा नाही. पण एक दिवस आईचे गुडघे बोलायला लागतात, वडिलांची बायपास होते आणि इतकी वर्षं मनाच्या कोपऱ्यात दडपून ठेवलेला प्रश्न जेवणाच्या ताटावर येऊन बसतो. आमच्यामागं याचं कसं होणार?

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यानंतर २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले, म्हणजे आज मोजलं तर आकडा वाढणारच. सरकारदरबारी ‘अपंग’चं ‘दिव्यांग’ झालं. बँकेच्या, पोस्टाच्या पायऱ्या मात्र बऱ्याच ठिकाणी होत्या तेवढ्याच राहिल्या.

लहान मुलांसाठी निदान विशेष शाळा तरी असतात. त्या साधारण अठराव्या वर्षापर्यंत सांभाळतात. मग निरोप समारंभ होतो, ग्रुप फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवसापासून मुलगा घरी. टीव्ही, जेवण, झोप. शाळेत दहा वर्षं घोटून शिकवलेलं दोन वर्षांत विसरलं जातं आणि वजन तेवढं वाढत राहतं.

स्वतंत्र म्हणजे एकटा?

या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेनं बघायला ज्यानं जगाला शिकवलं, तो एड रॉबर्ट्स हा अमेरिकन तरुण स्वतःच्या हातानं घासही तोंडात घालू शकत नव्हता. १९५३ मध्ये, चौदाव्या वर्षी त्याला पोलिओ झाला. मानेखालचं शरीर लुळं पडलं. श्वास चालू ठेवण्यासाठी ‘आयर्न लंग’ नावाच्या अवाढव्य यंत्रात झोपावं लागे. १९६२ मध्ये त्यानं बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश मिळवला, तेव्हा ते यंत्र मावेल असं वसतिगृहच नव्हतं. त्याची राहायची सोय विद्यापीठाच्या इस्पितळात करावी लागली. हळूहळू त्याच्यासारखे आणखी विद्यार्थी तिथं आले आणि या मंडळींच्या चळवळीतून १९७२ मध्ये अपंगांनी स्वतः चालवलेलं ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ उभं राहिलं. गंमत पुढंच आहे. ज्या सरकारी पुनर्वसन खात्यानं ‘हा काम करण्याच्या पलीकडे गेलाय’ म्हणून मदत नाकारली होती, त्याच खात्याचा प्रमुख म्हणून १९७५ मध्ये रॉबर्ट्स खुर्चीवर बसला. चाकांच्या खुर्चीवर!

त्याला अंघोळ घालायला, जेवू घालायला मदतनीस लागत. पण मदतनीस कोण ठेवायचा, उठायचं कधी, खायचं काय, जायचं कुठं, हे तो ठरवायचा. त्याच्या लेखी स्वातंत्र्य होतं ते एवढंच आणि एवढं मोठं.

आपल्याकडे मुंबईच्या मालिनी चिब यांचं उदाहरण आहे. सेरेब्रल पाल्सीमुळं बोलणं अस्पष्ट, हालचालींवर ताबा नाही. एका करंगळीनं टाइप करत त्या सेंट झेवियर्समधून पदवीधर झाल्या, लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या, मुंबईत पुस्तकांच्या दुकानात नोकरी केली आणि आत्मकथन लिहिलं. नाव, ‘वन लिटल फिंगर’. त्यांच्या आई डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, ती मुळात लेकीला शाळा मिळेना म्हणून.

यावर पालक हमखास म्हणतात, ‘अहो, ही माणसं बुद्धीनं तल्लख. आमच्या मुलाला दहाची नोट आणि शंभराची नोट यातला फरक कळत नाही, तो काय स्वतंत्र राहणार?’ शंका रास्त आहे. पण उत्तर घरातल्या स्वयंपाकघरात सापडतं.

चहापासून सुरुवात

विशेष शिक्षक कुठलंही काम शिकवताना आधी त्याचे बारीक टप्पे पाडतात. साधा चहा घ्या. पातेलं ठेवणं, कपानं पाणी मोजणं, साखर, पावडर, उकळी, दूध, गाळणं. आपल्याला एक वाटणारं काम दहा-बारा तुकड्यांचं निघतं. मग बऱ्याचदा उलटीकडून सुरुवात करतात. बाकी सगळं आईनं करायचं, कपातला चहा ट्रेमधून बाबांपर्यंत न्यायचं काम तेवढं मुलाचं. ते जमलं की गाळायचं काम त्याचं. असं मागं मागं येत एक दिवस पातेलं ठेवण्यापर्यंत पोचायचं. यात खुबी अशी, की पहिल्या दिवसापासून काम पूर्ण होतं ते मुलाच्या हातून, आणि शाबासकीही त्यालाच मिळते. गॅसची भीती वाटत असेल तर इंडक्शनची शेगडी आहेच. वाचता येत नसेल तर टप्प्यांची चित्रं भिंतीवर चिकटवता येतात.

पैशांचंही तसंच. बेरीज-वजाबाकी न येणाऱ्यालाही खरेदी शिकवता येते. दुकानदार ‘सदतीस रुपये’ म्हणाला, तर दहाच्या चार नोटा द्यायच्या, उरलेले परत घ्यायचे. खिशात फक्त दहाच्याच नोटा. सुरुवातीला ओळखीचा वाणी, मग कोपऱ्यावरचा भाजीवाला.

बसचा प्रवास शिकवायला मात्र पालकांना काळजावर दगड ठेवावा लागतो. काही दिवस शेजारी बसून जायचं. मग एक सीट सोडून मागं. मग त्यानं एकट्यानं चढायचं आणि आपण उतरायच्या थांब्यावर उभं राहायचं. चुकामूक होणार, एखाद्या दिवशी बस भलत्याच मार्गानं जाणार, जीव टांगणीला लागणार. खिशात नाव आणि फोन नंबर असलेलं कार्ड, हातात साधा मोबाइल आणि ‘हरवलो तर काय करायचं’ याची घरात दहादा केलेली तालीम, एवढी शिदोरी त्यासाठी लागते.

कामाच्या बाबतीत चित्र तितकंसं चांगलं नाही. संरक्षित कार्यशाळांमध्ये राख्या, पणत्या, कागदी पिशव्या बनतात. सणासुदीला हातांना उसंत नसते आणि एरवी काम नसतं. मिळणारं मानधन अनेक ठिकाणी नावापुरतंच. तरी ते मानधन मुलाच्या हातात पडणं आणि त्यातून काय घ्यायचं ते त्यानं ठरवणं, याला मोल आहे. बऱ्याच घरांत मात्र तेही आई कपाटात ठेवून देते. २०१६ च्या कायद्यानं सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ टक्के केलं आणि त्यात पहिल्यांदाच ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार यांना वाटा दिला. ही दारं उघडी असली, तरी तिथवर पोचणारे अजून मोजकेच.

‘नाही’ म्हणता आलं पाहिजे

मुलगी असेल तर पालकांची भीती दुप्पट. ‘जग वाईट आहे, घरातच बरी.’ ही भीती खोटी नाही. पण आयुष्यभर फक्त ऐकायला शिकलेली, प्रत्येक मोठ्या माणसाला मान डोलावणारी मुलगी जास्त सुरक्षित असते का? कपडे निवडताना, जेवताना, कुणी अंगाला हात लावला तर ‘नको’ म्हणायची सवय जिला घरात लागली, तीच बाहेर ते म्हणू शकते.

तिच्या वतीनं इतरांनी परस्पर ठरवलं की काय होतं, ते महाराष्ट्रानं १९९४ मध्ये पाहिलं. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली गेली. मासिक पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण दिलं गेलं. महिला संघटनांनी आवाज उठवला, देशभर वादळ झालं. त्यानंतर पंधरा वर्षांनी, २००९ मध्ये, चंदिगडच्या सरकारी संस्थेतली एक बौद्धिक अक्षमता असलेली तरुणी गरोदर असल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिला मूल हवं होतं. उच्च न्यायालयानं गर्भपाताचा आदेश दिला होता, सर्वोच्च न्यायालयानं तो थांबवला. तिच्या संमतीशिवाय तो करता येणार नाही, असा निकाल दिला. बुद्धी कमी म्हणून इच्छा नसते असं नव्हे, हे निदान कायद्यानं तरी मान्य केलं.

घर, पण आपलं

आई-वडिलांनंतर राहायचं कुठं? भावाकडे, बहिणीकडे, नाहीतर संस्थेत, एवढेच पर्याय लोकांना ठाऊक असतात. पालकांनीच एकत्र येऊन उभ्या केलेल्या बदलापूरच्या ‘आधार’सारख्या निवासी संस्था महाराष्ट्रात आहेत आणि अनेक कुटुंबांना त्यांनी खरोखरच तारलंय. पण आणखीही एक वाट आहे.

चेन्नईची ‘द बॅनियन’ ही संस्था १९९३ पासून रस्त्यावर आलेल्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी काम करते. बऱ्या झालेल्या अनेकजणी घरी परतल्या. पण काहींना घरच उरलं नव्हतं, काहींना घरचे न्यायला तयार नव्हते. वर्षानुवर्षं त्या संस्थेतच राहायच्या. २०१५ मध्ये संस्थेनं ‘होम अगेन’ सुरू केलं. कल्पना अगदी साधी. चालत्याबोलत्या वस्तीत भाड्यानं घर घ्यायचं. एकमेकींशी पटणाऱ्या चार-पाच जणींनी मिळून तिथं राहायचं. सोबतीला गरजेप्रमाणे मदतनीस. बाजार कुणी करायचा, भाजी कुठली करायची, टीव्हीवर काय लावायचं, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं. भांडणं होतात, रुसवेफुगवे होतात, म्हणजे चार माणसांच्या घरात जे होतं ते सगळं. शेजारी सुरुवातीला बिचकतात, मग पोंगलला वाटी इकडून तिकडं जाते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये जगभरातल्या चांगल्या मानसिक आरोग्य सेवांची उदाहरणं दिली, त्यात ‘होम अगेन’चा समावेश केला.

हा प्रयोग मनोरुग्णांसाठीचा. पण चार-पाच जणांचं छोटं घर, ओळखीची गल्ली, लागेल तेवढीच मदत, ही पद्धत बौद्धिक अक्षमता असलेल्यांनाही लागू पडते. पाच-सहा पालकांनी ठरवलं तर एक फ्लॅट भाड्यानं घेऊन महिन्यातले दोन दिवस मुलांना तिथं राहायला ठेवून बघता येतं. पहिल्या रात्री झोप लागणार नाही ती बहुधा पालकांनाच!

कपाटातले कागद

मुलगा अठरा वर्षांचा झाला की कायद्याच्या दृष्टीनं सज्ञान. आई-वडिलांचं नैसर्गिक पालकत्व तिथं संपतं. हे अनेकांना कळतं ते थेट बँकेच्या काउंटरवर, सही कोण करणार म्हणून काम अडतं तेव्हा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. पालकाची खरंच गरज आहे का आणि नेमकी कशासाठी आहे, हेही समितीनं पाहायचं असतं. नेमलेल्या पालकानं सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. २०१६ चा कायदा आणखी पुढं जातो. तो ‘मर्यादित पालकत्वा’ची तरतूद करतो. ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार. कुठं आणि कुणाबरोबर राहायचं, याची सक्ती तिच्यावर करता येत नाही, असंही हा कायदा सांगतो.

नॅशनल ट्रस्टच्याच ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. वडील केंद्र सरकारी नोकरीत असतील आणि मुलगा कमावू शकत नसेल, तर त्याला नियमांनुसार कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्याचं नाव वडिलांनी आपल्या हयातीतच पेन्शनच्या कागदांवर चढवून घेतलं, तर पुढची यातायात वाचते.

मृत्युपत्रात मात्र गडबड होते. कुणी सगळं धाकट्या मुलाच्या नावे करतात, ‘तू दादाला बघ’ एवढ्या तोंडी वचनावर. वचन मोडायला धाकटा वाईटच असावा लागतो असं नाही. त्याची बदली होते, त्याचं दुखणं निघतं, त्याच्याही संसाराची ओढाताण असते. कुणी उलट सगळं अपंग मुलाच्याच नावे करतात आणि व्यवहार पाहणार कोण, ते लिहीतच नाहीत. वकिलाच्या मदतीनं खासगी विश्वस्त निधी करून दोन-तीन विश्वस्त नेमणं जास्त खात्रीचं. एक नातेवाईक, एक बाहेरचा, एक वयानं लहान.

अशी बोलणी बहुतेक घरांत एखाद्या रविवारी दुपारी होतात. मामा येतात, बहीण-मेहुणे येतात, चहाचे कप फिरतात, घर कुणाच्या नावे, एफडी किती, राहायचं कुणाकडे यावर तासभर चर्चा चालते. ज्याच्याबद्दल ती चाललेली असते, तो त्या वेळी आतल्या खोलीत टीव्ही बघत असतो. त्याला बाहेर बोलवायचं कुणाच्या लक्षातच आलेलं नसतं.